‘मी करते’ म्हणताना: पुरुष खेळाडू, स्त्री पात्र आणि आमच्या टेबलाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे एका डन्जन्स अँड ड्रॅगन्स कॅम्पेनचं प्रकरण आहे. टेबलाभोवती बसून, बोलून आणि फासे टाकून खेळायचा हा खेळ; कॅम्पेन म्हणजे अनेक बैठकांत, म्हणजे सेशनमध्ये, चालणारी एक सलग कथा. मी त्यात डीएम (डन्जन मास्टर) होतो, म्हणजे कथा चालवणारा आणि खेळाडूंची सोडून बाकी सगळी पात्रं बोलणारा. चार खेळाडू, पंधरा दिवसांतून एक सेशन, दर वेळी साधारण चार तास, नियम पाचव्या आवृत्तीचे. चौघांनीही हा मजकूर आधी वाचला आहे. खरी नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, पात्रांची नावं बदलली आहेत. टेबलावर आम्ही एकमेकांना पात्राच्या पेशावरून जसं म्हणायचो तसंच इथे म्हणतो: रेंजरवाला (रेंजर म्हणजे रानात माग काढणारा), विझार्डवाला (जादूगार), फायटरवाली (लढवय्या), क्लेरिकवाली (देवाच्या शक्तीने जखमा भरणारी).

रेंजरवाल्याच्या पात्राचं नाव वेल्का. सीमेवरच्या जंगलात बारा वर्षं टेहळणी केलेली, चाळिशीतली, कमी बोलणारी बाई. कॅरेक्टर शीटच्या, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदाच्या, मागच्या बाजूला त्याने तिच्याबद्दल सहा ओळी लिहिल्या होत्या. त्यातली एक मला अजून पाठ आहे: ‘ती कुठल्याही खोलीत शिरली की आधी बाहेर पडायचा रस्ता बघते.’ फायटरवालीचं पात्र होतं ग्रुमक, एक ड्वार्फ (बुटक्या, दणकट जमातीतला) पुरुष. उरलेल्या दोघांनी आपापल्याच लिंगाची पात्रं घेतली होती.

म्हणजे चारपैकी दोघं वेगळ्या लिंगाचं पात्र खेळत होते. टेबलावर चर्चा मात्र एकाचीच व्हायची. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

इथे भाषेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण या प्रकरणाचं मूळ बऱ्याच अंशी त्यात आहे. इंग्रजीत खेळणारा पुरुष आपल्या स्त्री पात्राची कृती प्रथमपुरुषात सांगतो, तेव्हा क्रियापद काहीच बोलत नाही. मराठीत ते बोलतं. ‘मी दार उघडतो’ की ‘मी दार उघडते’, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरंच होत नाही. त्यामुळे आमच्याकडे वेगळ्या लिंगाचं पात्र घेणं ही शीटवरच्या एका रकान्यापुरती गोष्ट राहत नाही. खेळाडूला ती दर वाक्यात, सगळ्यांसमोर, मोठ्याने उच्चारावी लागते.

पहिल्या सेशनला रेंजरवाला म्हणाला, “मी झाडावर चढते.” विझार्डवाला हसला, मग मी हसलो, मग सगळेच. फायटरवाली दहा मिनिटांनी म्हणाली, “मी कुऱ्हाड काढतो.” कुणीही हसलं नाही.

प्रश्न कसा वाढत गेला

दुसऱ्या सेशनपासून वेल्काचा आवाज बारीक झाला. रेंजरवाला मान वेळावून, शब्द लांबवून बोलायला लागला. तिसऱ्या सेशनला एका पहारेकऱ्याला तिने डोळा मारला, आणि टेबलावर त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा पिकला. त्यानंतर ती पद्धतच पडली. कुलूप असो, पहारा असो, घासाघीस असो, वेल्का पुढे व्हायची आणि लाडिक बोलायची. शीटच्या मागे लिहिलेली ती कमी बोलणारी बाई कुठेच उरली नव्हती.

सातव्या सेशनला नदीकाठचा एक किल्ला पार करायचा होता. विझार्डवाला म्हणाला, “वेल्काला पाठवा की, करेल ती तिचं नेहमीचं.” रेंजरवाल्याला कुणी विचारलंही नाही. त्याने आवाज बारीक केला, मी पर्सुएजन (मन वळवता येतं का हे ठरवणारा फासा) मागितलं, फासा पडला, बेरीज चौदा आली. मी पास म्हटलं. आणि मग पहारेकऱ्याच्या तोंडून, प्रसंगात रंग भरायचा म्हणून, वेल्काच्या शरीरावर एक वाक्य टाकलं. ते वाक्य माझं होतं. कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, कुणी मागितलेलंही नव्हतं.

क्लेरिकवालीने शीट उलटी ठेवली. “माझं पात्र झोपलंय,” एवढंच म्हणाली. उरलेला तासभर तिने एकही फासा टाकला नाही. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: पुढच्या वेळी बहुतेक यायचं जमणार नाही.

समोर असलेले पर्याय

माझ्या मनात सगळ्यात आधी आलेला उपाय सर्वांत सोपा होता: यापुढे ज्याने त्याने आपल्याच लिंगाचं पात्र घ्यायचं. हा नियम अनेक टेबलांवर आहे आणि तो का होतो हेही मला आता कळतं. डीएमला अवघड बोलणं करावं लागत नाही. पण हा नियम केला असता तर ग्रुमकही गेला असता, आणि ग्रुमकने कुणाचं काय बिघडवलं होतं? शिवाय आमच्यातला कुणीच खऱ्या आयुष्यात एल्फ नव्हता, कुणी देवाकडून जखमा भरत नव्हता. तीनशे वर्षांचा विझार्ड खेळायला मुभा आहे आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या लिंगाचं पात्र खेळायला नाही, याचं समर्थन मला करता येईना.

दुसरा पर्याय रेंजरवाल्यानेच पुढे केला. त्याला सगळं जाणवलं होतं. “मी वेल्काला पुढच्या लढाईत मारून टाकतो, नवा रेंजर आणतो, पुरुष.” मला हे लगेच मान्य करावंसं वाटलं होतं. केलं नाही, आणि या प्रकरणात मी नीट घेतलेला कदाचित तो एकच निर्णय असेल. त्याला म्हटलं, चौघांशी बोलून होईपर्यंत थांब.

तिसरा पर्याय काहीच न करण्याचा. क्लेरिकवाली गेली असती, कॅम्पेन चालू राहिलं असतं, तिच्या जाण्याला आम्ही ‘वेळ जमत नव्हती’ असं नाव दिलं असतं.

रंगभूमीचा दाखलाही निघाला. विझार्डवाला म्हणाला, पुरुषांनी स्त्रीपार्ट करणं किती जुनं आहे, त्यात एवढं काय? दाखला खरा आहे, पण इथे पुरता लागू पडत नाही. नाटकातल्या नटाला संहिता असते. त्या बाईला काय हवंय, ती कधी रागावते, कशाला घाबरते, हे नाटककाराने आधी ठरवलेलं असतं. आमच्या टेबलावर हे सगळं खेळाडूने तिथल्या तिथे सुचवायचं असतं, आणि सुचलं नाही की हाताला सगळ्यात जवळचा साचा लागतो. शिवाय टेबलावरचे प्रेक्षक सहखेळाडूही असतात. त्यांचं हसू लगेच मिळतं आणि पुढचं वाक्य तेच ठरवतं.

बोलणी

पहिलं बोलणं क्लेरिकवालीशी झालं. माझी समजूत होती की पुरुषाने बाई खेळणंच तिला खटकतंय. ती म्हणाली, “तो बाई खेळतो याचा मला त्रास नाही. त्याच्या बाईला दुसरं काहीच येत नाही, याचा आहे. आणि तिला दुसरं काही करायची वेळच तू येऊ देत नाहीस.”

दुसऱ्या वाक्यावर मी अडकलो. घरी येऊन सातही सेशनची टिपणं काढली. मी प्रत्येक डीसी, म्हणजे काम साधायला फाशाच्या बेरजेने गाठायचा आकडा, लिहून ठेवतो, त्यामुळे पुरावा समोरच होता. पाचव्या आवृत्तीत सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५, अवघड कामाला २० असा साधारण हिशेब असतो. वेल्काने लाडिक बोलून काही साधायचा प्रयत्न नऊ वेळा केला होता आणि त्यातल्या आठ वेळा मी १० धरला होता. ग्रुमकने त्याच पहारेकऱ्यांना दम दिला तेव्हा दर वेळी १५. वेल्का रेंजर होती, माग काढणं हे तिचं मुख्य काम, पण सात सेशनमध्ये मी तिच्याकडे सर्व्हायव्हलचा (माग काढण्याचा) फासा फक्त दोनदा मागितला होता, आणि दोन्ही वेळा डीसी १५ च्या वर होता.

म्हणजे मोहिनी घातली की दार उघडतं आणि माग काढायला गेलं की डोकं आपटतं, हे रेंजरवाल्याला मीच शिकवलं होतं. कुठलाही शहाणा खेळाडू ज्या वाटेने यश मिळतं त्याच वाटेने जातो.

या छंदाच्या इतिहासातली एक गोष्ट मला तेव्हा आठवली आणि बोचली. १९७८ च्या अॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या प्लेअर्स हँडबुकमध्ये स्त्री पात्रांच्या ताकदीला वरची मर्यादा होती. मानवी पुरुष फायटर १८/०० पर्यंत जाऊ शकायचा (१८ नंतरचा आकडा शंभरापैकी, ०० म्हणजे शंभर), मानवी स्त्री १८/५० ला थांबायची. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने ही मर्यादा काढून टाकली. २०१४ च्या हँडबुकमध्ये तर स्पष्टच लिहिलंय की पात्र पुरुष असो वा स्त्री, त्याने विशेष फायदाही होत नाही आणि तोटाही होत नाही. पुस्तकातून गेलेला फरक आमच्या टेबलावर माझ्या डीसीमधून परत आला होता. फक्त तो कुठे छापलेला नव्हता, म्हणून कुणाला दिसला नाही.

रेंजरवाल्याशी बोलताना मी मोठी चूक केली. बसल्या बसल्या विचारलं, “तुला बाईच का घ्यावीशी वाटली?”

तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “सहज.” मग आणखी काही मिनिटं आम्ही भलत्याच गोष्टी बोललो.

हा प्रश्न मी फायटरवालीला कधीच विचारला नव्हता. ग्रुमक पुरुष का, हे मला स्वयंस्पष्ट वाटलं होतं. प्रश्न फक्त एकालाच विचारला की तो प्रश्न राहत नाही, खुलासा मागणं होतं. दुसरं असं की वेगळ्या लिंगाचं पात्र घेण्याची कारणं अनेक असतात. कुणाला एखादं चित्र आवडलेलं असतं, कुणाला स्वतःपेक्षा अगदी वेगळं कुणी व्हायचं असतं, आणि काही जणांसाठी स्वतःच्या लिंगाबद्दल मनात चाललेलं काही सुरक्षितपणे अजमावून बघायची ती एकमेव जागा असते. अशा माणसाला ‘का’ विचारलं की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, खोटं बोलणं किंवा तयारी नसताना सगळं सांगून टाकणं. डीएमला उत्तर हवंय म्हणून कुणालाही त्या जागी आणू नये. पात्र काय करू इच्छितं एवढं विचारलं तरी डीएमचं काम भागतं.

ते मी नंतर विचारलं. “वेल्काच्या हातून काय घडावं असं तुला वाटत होतं?” मग तो मोकळा झाला. पहिल्या दिवशी ‘चढते’ म्हटल्यावर सगळे हसले तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढच्या वेळी त्याने ते हसू स्वतःच ओढवून घ्यायचं ठरवलं. हसणारच आहेत तर माझ्या विनोदावर हसू देत. बारीक आवाज आला तो तिथून.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला यावरून आठवतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात ३७५ जणांचं खेळणं पाहिलं होतं. २३ टक्के पुरुषांनी आणि ७ टक्के स्त्रियांनी वेगळ्या लिंगाचं पात्र घेतलं होतं. स्त्री पात्र घेतलेल्या पुरुषांची चॅटमधली भाषा बदलली होती, भावना दाखवणारे शब्द आणि उद्गारचिन्हं वाढली होती. चालणं, उड्या मारणं, गटापासून अंतर ठेवणं मात्र पुरुष खेळाडूंसारखंच राहिलं होतं. म्हणजे बाई होण्याचा प्रयत्न माणूस आधी बोलण्यातून करतो, आणि तोही त्याच्या डोक्यात असलेल्या बाईच्या बोलण्यातून. रेंजरवाल्याने तेच केलं, फक्त आमच्या टेबलावर ते बोलणं सगळ्यांच्या कानावर पडत होतं.

विझार्डवाल्याशी मी वेगळं बोललो नाही. वाटलं, सगळ्यांसमोर विषय निघेल तेव्हा त्यालाही कळेल. ते महागात पडलं.

काय केलं

आठवं सेशन खेळलोच नाही. त्याऐवजी पुन्हा सेशन झिरो, म्हणजे न खेळता कसं खेळायचं हे ठरवायची बैठक, घेतलं. कॅम्पेनच्या सुरुवातीलाही घेतलं होतं, पण तेव्हा तारखा, लेव्हल आणि कोणती पुस्तकं चालतील याच्या पलीकडे आम्ही गेलो नव्हतो.

सुरुवात मी माझ्या टिपणांपासून केली. डीसीचा हिशेब वाचून दाखवला आणि किल्ल्यावरच्या त्या वाक्याची क्लेरिकवालीची आणि रेंजरवाल्याची, दोघांचीही माफी मागितली. मग रेषा आणि पडदे ठरवले. ही पद्धत गेम डिझायनर रॉन एडवर्ड्सची: रेषेपलीकडचं कथेत येतच नाही, पडद्यामागचं घडतं पण दाखवलं जात नाही. पात्रांवर लैंगिक जबरदस्ती किंवा तिचा इशारा, ही रेषा. प्रेमप्रकरण खेळाडूने स्वतः सुरू केलं तरच, आणि पुढचं सगळं पडद्यामागे. जॉन स्टाव्रोपोलोसचं एक्स-कार्डही टेबलाच्या मधोमध ठेवलं. कार्डाला हात लावला की तो प्रसंग बदलायचा, कारण विचारायचं नाही.

माझ्यावर एक वेगळं बंधन मी घालून घेतलं. प्रत्येक महत्त्वाच्या एनपीसीला (डीएम चालवतो त्या पात्राला) काय हवंय आणि कशाची भीती आहे, हे सेशनच्या आधी लिहायचं. कोण समोर आलंय ते बघून डीसी धरायचा नाही. ज्या पहारेकऱ्याला फक्त नोकरी टिकवायची आहे त्याच्यावर लाडिक बोलण्याचा परिणाम होत नाही. ग्रुमकचा दम मात्र होऊ शकतो, आणि वेल्काचाही.

सगळ्यात जास्त वेळ भाषेवर गेला. रेंजरवाला म्हणाला की प्रत्येक वाक्यात ‘करते’ म्हणताना त्याला वाटतं आपण परीक्षेला बसलोय. फायटरवाली म्हणाली तिला ‘करतो’ म्हणताना उलट मोकळं वाटतं, कारण ग्रुमकच्या दिसण्यावर कुणी काही बोलत नाही. हे ऐकून सगळेच थोडे शांत झाले. बाईने ‘करतो’ म्हणणं कुणाला पायरी उतरल्यासारखं वाटत नाही, पुरुषाने ‘करते’ म्हणणं वाटतं, आणि आमचं हसू तिथून आलं होतं. माझं हे मत टेबलावर सगळ्यांना पटलं नाही, पण ते मी मागे घेत नाही.

शेवटी ठरलं ते असं. रेंजरवाला कृती तृतीयपुरुषात सांगेल, ‘वेल्का बाण सोडते’, आणि संवाद प्रथमपुरुषात बोलेल. आवाज स्वतःचाच ठेवेल. वेल्का वेगळी वाटावी म्हणून वाक्यं आखूड करेल आणि उत्तर देण्याआधी थांबेल. खेळाडूशी बोलताना खेळाडूचं लिंग, पात्राशी बोलताना पात्राचं. कुणी चुकून वेल्काला ‘तू गेला होतास’ म्हटलं तर त्याला टोकायचं नाही. मी पुढच्या वर्णनात फक्त बरोबर रूप वापरायचं. आधी प्रत्येक चूक मोठ्याने दुरुस्त केली जायची, आणि त्या दुरुस्तीनेच वेल्काचं पात्र एक पुरुष खेळतोय याची आठवण ताजी राहायची.

आधीचं सगळं कथेतून पुसून टाकावं का, यावरही बोललो. मला पुसणं सोयीचं वाटलं. क्लेरिकवालीने नको म्हटलं: “ते पुसलं तर मी गप्प बसले तेही पुसलं जाईल.” मग रेंजरवाल्याने सुचवलं की ते लाडिक बोलणं हे टेहळणीच्या काळातलं वेल्काचं एक सोंग होतं, आणि आता ते वापरायचा तिला वीट आलाय. तिने हे ग्रुमकला एका रात्रीच्या पहाऱ्यावर सांगितलं. चार वाक्यांत. कॅम्पेनमधला मला सगळ्यात आवडलेला प्रसंग तोच.

पुढे काय झालं

कॅम्पेन वीस सेशन चाललं. वेल्का माग काढायला लागली, कारण मी काढायला माग ठेवायला लागलो. दहाव्या सेशनच्या आसपास रेंजरवाला तृतीयपुरुषातून आपसूक प्रथमपुरुषात आला. कुणी त्याबद्दल बोललं नाही.

एक्स-कार्ड एकदाच वापरलं गेलं. खिंडीतून सैन्य न्यायचं तर तिथल्या सरदाराची अट होती: वेल्काने त्याच्याशी लग्न करावं. मला तो राजकीय पेच वाटत होता. रेंजरवाल्याने कार्डाला बोट लावलं. मी सरदाराची अट बदलली, आता त्याला हिवाळ्यापुरती एक वाटाडी हवी होती. इतकं सगळं बोलून झाल्यावरही बाई समोर दिसताच मला लग्नच सुचलं, हे मी नोंदवून ठेवलंय.

विझार्डवाला चौदाव्या सेशननंतर गेला. म्हणाला, हल्ली तोंड उघडायच्या आधी विचार करावा लागतो. त्याच्याशी माझं आता बोलणं आहे, पण तो परत खेळायला आलेला नाही. क्लेरिकवाली शेवटपर्यंत राहिली. किल्ल्याचा प्रसंग आपण विसरलो असं ती कधी म्हणाली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं हसू थांबवायला हवं होतं. त्यासाठी भाषण नको होतं. मी हसण्याऐवजी “झाडावरून तुला दोन धुरांच्या रेघा दिसतात” म्हणून पुढे गेलो असतो तरी पुरलं असतं. डीएम ज्याला उत्तर देतो ते टेबलावर खरं ठरतं.

विझार्डवाल्याशी आधी, एकट्याने बोलायला हवं होतं. हसण्यात मी त्याच्या बरोबरीने होतो. मला टिपणं चाळून, दोघांशी बोलून बदलायला तीन आठवडे मिळाले, त्याच्यावर ते एका बैठकीत येऊन आदळलं. त्याला आपल्यावर खटला चालवल्यासारखं वाटलं असेल तर त्यात माझा वाटा आहे.

आणि ग्रुमककडे पाहायला हवं होतं. वेगळ्या लिंगाचं पात्र नीट कसं खेळतात याचं उदाहरण पहिल्या दिवसापासून टेबलावर बसलं होतं. फायटरवालीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, जे तिने नंतर सांगितलं: ती ग्रुमक पुरुष आहे याचा विचारच करत नाही, त्याला भावाचं कर्ज फेडायचंय याचा करते.

नव्या कॅम्पेनच्या शीटबरोबर मी आता सगळ्यांना एक कागद देतो, ज्याचं त्याचं पात्र कुठल्याही लिंगाचं असो. त्यावर दोनच ओळी असतात: पात्र ज्या लिंगाचं आहे त्यामुळे कथेत काय घडलेलं चालेल, आणि काय घडू नये. रेंजरवाल्याने या वेळी एक म्हातारी विझार्ड घेतली आहे आणि दोन्ही ओळी भरून दिल्या आहेत. फायटरवालीने दोन्हींपुढे ‘काहीच नाही’ लिहिलं. क्लेरिकवालीने दुसरी ओळ कोरी ठेवली आणि म्हणाली, दोन सेशन बघून भरते. कागद तिच्या शीटला तसाच टाचलेला आहे.